थोर गणिती लिओनार्ड ऑयलर

पेढीचा हिशेब असो वा खासगी पत्र असो, आज तें इंटरनेटवरून गुप्त लिपींत जातें. त्या गुप्ततेच्या कुलपाचा एक मुख्य खिळा अडीचशें वर्षांपूर्वीं एका डोळ्यानें अधू असलेल्या गणित्यानें घडविला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

ऑयलर यांचा जन्म स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं ता. १५ एप्रिल १७०७ रोजीं झाला. वडील धर्मोपदेशक होते व मुलानेंहि तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या नामांकित गणित्यांनीं मुलाची बुद्धि पारखून वडिलांचें मन वळविलें. १७२७ सालीं ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेंत दाखल झाले. पुढें १७४१ पासून पंचवीस वर्षें बर्लिन येथें काढून १७६६ सालीं ते पुनः रशियांत परतले.

त्यांची वृत्ति मोठी चिकित्सक होती. ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे, असें फर्मा या फ्रेंच पंडितांस वाटत असे. ती ६४१ नें निःशेष भागली जाते, हें ऑयलर यांनीं १७३२ सालीं दाखवून दिलें.

१७६३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा सिद्धान्त लहान आंकड्यांत असा सांगतां येईल. १५ हा ३ व ५ या मूळ संख्यांचा गुणाकार. दोहोंतून एकेक वजा करून गुणिलें असतां ८ येतात. आतां २ चा आठवा घात २५६. त्यास १५ नें भागिल्यास बाकी १ उरते. १५ शीं सामाईक अवयव नसलेली कोणतीहि संख्या घेतली तरी हेंच घडतें. याच नियमाच्या आधारें १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांनीं गुप्त लिपि रचिली. तींत १५ च्या जागीं शेंकडों आंकडी संख्या असते. तिचे दोन अवयव ज्यास ठाऊक, त्यासच कुलूप उघडतें.

ऑयलर यांचें आयुष्य मात्र सुखाचें नव्हतें. १७३८ सालीं उजवा डोळा गेला. पुढें डाव्यांत मोतीबिंदू झाला. १७७१ सालीं शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टि टिकली नाहीं. त्याच वर्षीं घरास आग लागली व त्यांस उचलून बाहेर काढावें लागलें. तरीहि ते तोंडीं सांगत व मुलगे आणि शिष्य लिहून घेत. त्यांच्या लेखनसंपत्तीचा सुमारें अर्धा भाग या अंधारांतच निर्माण झाला. ता. १८ सप्टेंबर १७८३ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

आज त्या कुलपास नवें भय उत्पन्न झालें आहे. २ चे घात १५ नें भागीत गेल्यास बाक्या २, ४, ८, १ अशा येऊन पुनः तोच फेरा सुरू होतो. हा चारांचा फेरा सांपडला कीं त्याच्या निम्मा घात, म्हणजे २ चा वर्ग ४, घ्यावा. त्यांत एक उणा व एक अधिक केल्यास ३ व ५ हातीं येतात. प्रचंड संख्येचा फेरा शोधण्यास साध्या संगणकास युगें लागतील; क्वांटम संगणकास तें लवकर साधेल, असें पीटर शोर यांनीं १९९४ सालीं दाखविलें. एवढें समर्थ यंत्र अद्याप तयार नाहीं. परंतु आज चोरून सांठविलेलीं पत्रें उद्यां उघडलीं जातील, हें भय खरें आहे. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनें ऑगस्ट २०२४ मध्यें नव्या तऱ्हेच्या कुलपांचीं तीन मानकें प्रसिद्ध केलीं. या यंत्रानें इंटरनेटचा वेग वाढेल ही समजूत मात्र चुकीची होय. उलट नव्या किल्ल्या लांब असल्यानें वाहतुकीचा भार किंचित् वाढतो.

थोरांचा समजहि भागाकारानें तपासून पाहावा, हा धडा ऑयलर यांनींच घालून दिला. त्यांच्या नियमावर उभारलेल्या कुलपाची आज तशीच परीक्षा होत आहे. विद्यार्थिबंधूंनो, डोळे गेल्यावरहि ज्यांची लेखणी थांबली नाहीं, त्यांचा कित्ता आपण गिरवूं या.