जरीसारखा धागा आणि हृदयाची पट्टी : विलेम आइंटहोव्हेन

नंदुरबार-नवापूरकडून ताप्ती लाइनने गेलेली माणसं उधन्याला उतरतात आणि त्यातले बरेच जण पुढे गोडादऱ्याची रिक्षा धरतात. लिंबायत, डिंडोली, गोडादरा या सुरतच्या वस्त्यांमध्ये खान्देश इतका भरला आहे की गल्लीत अहिराणी सहज कानावर पडते. तिथे संच्यावर उभं असताना कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडलं, की दवाखान्यात आधी एकच काम होतं : पट्टी काढायची. वयस्कर माणसं तिला अजून कार्डिओग्राम म्हणतात, पोरं ईसीजी म्हणतात. गुलाबी बारीक चौकटींचा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डासोबत घालून सिव्हिलला न्यायचा. घरात तो कुणालाच वाचता येत नाही.

त्या कागदावरच्या चौकटीचं माप, रेषेवरच्या उंचवट्यांची नावं, आणि कुठला उंचवटा कुठे चुकला तर हृदयात काय अडलंय याचा पहिला हिशेब, हे सगळं एका डच माणसाचं देणं आहे. त्यांचं नाव विलेम आइंटहोव्हेन.

डच लोक सुरतेला नवे नाहीत. आपले जुने लोक त्यांना वलंदाज म्हणायचे. सतराव्या शतकात त्यांची वखार सुरतेत होती आणि कतारगाम दरवाज्याकडे त्यांच्या घुमटाच्या कबरी आजही उभ्या आहेत. याच वलंदाजांच्या ताब्यातल्या जावा बेटावर, सेमारंग शहरात, २१ मे १८६० रोजी विलेमचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. आधी लष्करात, मग शहरात. विलेम सहा वर्षांचा असताना ते गेले. आईच्या पदरात सहा लेकरं. चार वर्षांनी तिने बिऱ्हाड गुंडाळलं आणि पोरांना घेऊन हॉलंडमधलं युट्रेख्ट गाठलं. विलेमने ज्याला मायदेश म्हणायचं, तो त्याने पाहिला तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

१८७८ मध्ये तो युट्रेख्टला वैद्यकी शिकायला लागला. अभ्यासू होताच, पण अंगाने रगेल. व्यायाम, पट्टा खेळावा तशी तलवारबाजी, होडी वल्हवणं, सगळ्यात पुढे. व्यायाम करताना एकदा पडून मनगट मोडलं. दुसरा कुणी विव्हळत पडला असता. याने पडल्या पडल्या हात कसा उलटा-सुलटा फिरतो, याचाच अभ्यास केला. पुढे डोळ्यांच्या अभ्यासात शिरून १८८५ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला आणि लगेच लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय २५. पुढची चाळीसहून अधिक वर्षं, मरेपर्यंत, ते त्याच खुर्चीवर होते.

हृदय ठोका देतं तेव्हा त्यात वीज खेळते, हे तोवर माहीत झालं होतं. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये छाती न उघडता, कातडीवरून, माणसाच्या हृदयाची वीज टिपून दाखवली. वॉलर यांचा जिमी नावाचा कुत्रा होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते लोकांना प्रयोग दाखवायचे. असा प्रयोग आइंटहोव्हेन यांनी १८८९ मध्ये बाझल इथल्या परिषदेत पाहिला आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. वॉलर यांना स्वतःला मात्र दवाखान्यात याचा फार उपयोग होईल असं वाटत नव्हतं. ज्याने पहिली रेषा काढली त्यालाच तिचं मोल कळलं नाही, आणि ज्याला कळलं त्याच्या हाती चांगलं यंत्र नव्हतं.

तेव्हाचं यंत्र म्हणजे काचेची केसासारखी नळी, तिच्यात पारा. वीज आली की पारा हलायचा, पण आळशासारखा. हृदयाचं काम झालेलं असायचं आणि पारा मागून येत असायचा. त्यात रस्त्यावरून घोडागाडी गेली तरी तो थरथरायचा. आइंटहोव्हेन यांनी पाऱ्याचा हा आळस गणिताने वजा केला. पानंच्या पानं आकडेमोड करून १८९५ मध्ये त्यांनी खरी रेषा कशी असेल ते काढलं आणि तिच्यावरच्या पाच टेकाडांना नावं दिली : पी, क्यू, आर, एस, टी. आज सिव्हिलमधला शिकाऊ डॉक्टर हीच अक्षरं पाठ करतो.

पण एकेका रुग्णामागे एवढी आकडेमोड कोण करणार? म्हणून त्यांनी यंत्रच नवीन करायला घेतलं. इथे सुरतेच्या माणसाला कान टवकारावे लागतील, कारण मामला धाग्याचा आहे.

क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा खनिज दगड. तो वितळवायचा, त्याचं टोक बाणाला चिकटवायचं आणि बाण सोडायचा. बाण उडतो तसा मागे धागा ओढला जातो, दोन-तीन मायक्रॉन जाडीचा. माणसाच्या केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढा. नुसत्या डोळ्याला तो दिसतसुद्धा नाही. ही युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॉईज यांची. या धाग्यावर आइंटहोव्हेन यांनी चांदीचा मुलामा चढवला, म्हणजे त्यातून वीज जाईल. सुरतेची जरी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला वेगळं समजवायला नको. चांदी चढवलेला हा धागा दोन दांडग्या विद्युतचुंबकांच्या मधे ताणून बसवला. माणसाच्या हातापायांतून आलेली हृदयाची वीज, जेमतेम एक हजारांश व्होल्ट, धाग्यात शिरली की धागा किंचित बाजूला सरकायचा. प्रखर दिव्याने आणि सूक्ष्मदर्शकाने त्याची सावली मोठी करून सरकत्या फोटोच्या काचेवर पाडायची. झाली पट्टी तयार.

१९०१ मध्ये त्यांनी या यंत्राची पहिली माहिती छापली, १९०३ मध्ये सविस्तर. ताणलेल्या तारेचं तत्त्व समुद्राखालच्या तारयंत्रासाठी फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांनी आधी वापरलं होतं. पण हृदयाला पुरेल इतकी नाजूक तार आइंटहोव्हेन यांचीच. धागा एवढा हलका आणि यंत्राचं वजन सुमारे २७० किलो! चुंबक तापायचे म्हणून त्यांच्याभोवती पाणी खेळवावं लागे. चालवायला पाच माणसं आणि दोन खोल्या. रुग्णाने दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं.

एवढं धूड दवाखान्यात नेता येईना आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणता येईना. मग त्यांनी टेलिफोनची तार वापरली. दवाखाना दीड किलोमीटरवर होता. २२ मार्च १९०५ रोजी तिथून पहिली पट्टी तारेने प्रयोगशाळेत आली. ती एका धडधाकट माणसाची होती. तिच्यातली आर लाट उंच होती, आणि तो गडी सायकल मारत दवाखान्यात गेला होता म्हणून असं झालं असावं, असा अंदाज बांधला गेला. आज लहान गावातली पट्टी फोनवरून मोठ्या डॉक्टरकडे पाठवतात. त्याची सुरुवात ही अशी.

आणि मग आलं १९०६ साल. हृदयाची वायरिंग समजून घ्यायची तर हे साल लक्षात ठेवावं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ठिणगी पडते, ती वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या गाठीत क्षणभर थांबते, मग एका जुडग्यातून खाली उतरून डाव्या-उजव्या फांद्यांनी खालच्या कप्प्यांत जाते. यातलं जुडगं व्हिल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये सापडवलं होतं. मधली गाठ आणि पुढचं सगळं जाळं जपानच्या सुनाओ तावारा यांनी जर्मनीत राहून, मेलेल्या हृदयांचे काप तपासत, १९०६ मध्ये जोडून दाखवलं. ठिणगीची मूळ जागा कीथ आणि फ्लॅक या इंग्रज जोडीला १९०७ मध्ये मिळाली. आणि त्याच १९०६ मध्ये आइंटहोव्हेन यांनी दवाखान्यातून तारेने आलेल्या बिघडलेल्या हृदयांच्या पट्ट्या छापल्या. तावारा यांनी तार दाखवली. आइंटहोव्हेन यांनी जिवंत माणसात तिच्यातली वीज कुठे अडते ते दाखवलं.

त्या पट्ट्यांत एक होती पूर्ण अडथळ्याची, ज्याला आज डॉक्टर कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. पी म्हणजे वरच्या कप्प्यांची लाट, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांची. निरोगी माणसात प्रत्येक पी-मागे ठरावीक अंतराने क्यूआरएस येतोच. पूर्ण अडथळ्यात दोघांची ओळखच नसते. पी आपला मिनिटाला सत्तर-ऐंशीच्या चालीने चाललाय, क्यूआरएस तीस-चाळीसच्या. एकाच खात्यात दोन संचे वेगळ्या मोटरवर चालावेत तसं. अशा माणसाची नाडी फार मंद होते आणि कधी कधी मधेच ठोका थांबून तो धाडकन पडतो. आपल्याकडे लोक धावतात, कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, फिट आली म्हणतात. नाडी मंद आणि माणूस पडतो, ही जोडी ॲडम्स आणि स्टोक्स या आयर्लंडच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली होती. अडलंय कुठे, हे मात्र आता कागदावर दिसलं.

खरं सांगायचं तर त्या रुग्णाच्या हाती त्या दिवशी काही पडलं नाही. रोग कळला, औषध नव्हतं. अडलेल्या विजेला पर्याय देणारा पेसमेकर माणसाच्या अंगात पहिल्यांदा बसला तो १९५८ मध्ये, स्वीडनला. पण आधी अडथळा ओळखता आला नसता तर पेसमेकर कुणाला बसवायचा हेच कळलं नसतं.

आता ओळखायचं कसं, तर मोजून. कागदावरची लहान चौकट एक मिलिमीटरची, म्हणजे ०.०४ सेकंदाची. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत तीन ते पाच चौकटी लागल्या तर ठीक. पाचाच्या वर गेलं आणि तरी प्रत्येक ठोका पोचत असेल, तर तो पहिल्या पायरीचा अडथळा. बऱ्याचदा त्याने त्रासही होत नाही. अंतर ठोक्यागणिक वाढत वाढत एक ठोका गळाला, की ती दुसरी पायरी. हीच चाल आइंटहोव्हेन यांचे देशबांधव कारेल वेंकेबाख यांनी १८९९ मध्येच, ईसीजी नसताना, नुसत्या नाडीच्या आलेखावरून पकडली होती! अंतर न वाढता ठोका अचानक गळतो तो प्रकार जास्त वाईट. त्यावर डॉक्टर माणसाला घरी सोडत नाहीत. तिसरी पायरी म्हणजे वर सांगितलेली ताटातूट. आणि क्यूआरएस स्वतःच तीन चौकटी किंवा जास्त रुंद झाला, तर बहुतेक वेळा खालच्या दोन फांद्यांपैकी एक बंद असते. उजवी बंद असलेली माणसं कित्येकदा ठणठणीत असतात. डावी बंद दिसली आणि छातीत दुखतही असेल, तर डॉक्टरांची धावपळ होते, ती उगाच नाही. आणि हेही खरं की अडथळा येतो-जातो. चक्कर सकाळी आली आणि पट्टी संध्याकाळी काढली तर ती साफ निघू शकते. म्हणून मग चोवीस तासांचं यंत्र छातीला बांधतात.

या फांद्यांच्या बाबतीत एक मोठा घोटाळाही झाला. कुत्र्यांवरच्या प्रयोगांवरून माणसाची डावी-उजवी फांदी ठरवली गेली आणि ती नेमकी उलटी ठरली. जगभरचे डॉक्टर कित्येक वर्षं डाव्याला उजवं आणि उजव्याला डावं म्हणत राहिले. १९३० नंतर, माणसाच्या उघड्या हृदयावर तपासून आणि छातीवर तारा लावून, ते सुधारलं. आइंटहोव्हेन यांनी १९१२-१३ मध्ये दोन हात आणि डावा पाय यांचा जो त्रिकोण मांडला, तो आजही त्यांच्या नावाने शिकवतात. पण हातापायांच्या तीन पट्ट्यांनी सगळं दिसत नाही. छातीवरच्या सहा जागा त्यासाठीच आल्या, त्यांच्या मरणानंतर.

यंत्र विकायचं काम आधी जर्मनीच्या एका कारागिराकडे होतं, त्यात पैशावरून बिनसलं. मग केंब्रिजच्या कंपनीने, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या मुलाच्या कंपनीने, ते लहान करत करत टेबलावर आणलं. लंडनच्या थॉमस लुईस यांनी त्यावर शेकडो रुग्ण तपासून अनियमित ठोक्यांचं शास्त्रच उभं केलं. आइंटहोव्हेन यांना १९२४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या भाषणात त्यांनी उघड कबूल केलं की लुईस यांच्या कामाशिवाय आपण इथे उभे राहिलो असतो का, याची शंकाच आहे. बक्षिसाचीही एक गोष्ट सांगतात. यंत्र बनवताना राबलेला प्रयोगशाळेतला जुना मदतनीस तोवर वारला होता. त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस काढत होत्या. त्यांना शोधून आइंटहोव्हेन यांनी अर्धी रक्कम दिली.

शेवटच्या काळात ते इंजिनिअर झालेल्या मुलासोबत त्याच धाग्याला निर्वात नळीत बसवून जावाहून येणारे बिनतारी संदेश टिपत होते. जिथून आई त्यांना दहाव्या वर्षी घेऊन निघाली होती, त्याच बेटावरचे. २९ सप्टेंबर १९२७ रोजी कॅन्सरने ते लायडनमध्ये वारले. जवळच्या उखस्टखेस्ट गावातल्या लहान चर्चच्या आवारात त्यांना पुरलं.

क्वार्ट्झचा धागा आता संग्रहालयात गेला. पण कागद आजही सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, आणि पट्टीवर एका टोकाला दहा चौकटी उंच एक चौकोनी खूण असते. एक हजारांश व्होल्टला एक सेंटिमीटर, हे माप आइंटहोव्हेन यांनी घालून दिलेलं. ती खूण दहा चौकटींची नसेल, तर पुढची उंची वाचण्याआधी डॉक्टर यंत्र कुठल्या मापावर लावलंय ते तपासतात.