फॅनी वर्कमनबाई व सियाचेन हिमनदी

फॅनी बुलक वर्कमनबाई १८५९ सालीं अमेरिकेंतील वूस्टर शहरीं जन्मल्या. पति डॉक्टर वर्कमन यांजबरोबर त्यांनीं हिमालयाच्या अनेक सफरी केल्या. १९१२ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, उभयतां काराकोरम पर्वतांतील सुमारें ४७ मैल लांबीच्या सियाचेन हिमनदीवर गेलीं. तेथें चेझारे चेनोझ हा इटालियन हमाल बर्फानें झांकलेल्या भेगेंत पडून मरण पावला. तरी बाईंनीं काम अर्धवट टाकलें नाहीं. पीटरकिन व सर्जनसिंग यांनीं मोजणी करून हिमनदीचा नकाशा सिद्ध केला. सुमारें २१,००० फुटांवर बाईंनीं स्त्रियांस मताधिकार मागणारें वर्तमानपत्र हातीं धरून छायाचित्र काढविलें. १९२५ सालीं त्या फ्रान्स देशांत वारल्या. वाचकहो, त्या नकाशासाठीं एका हमालाचाहि प्राण वेंचला, हें विसरूं नये.