उष्णतेचा हिशेबनीस : लॉर्ड केल्व्हिन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानातील शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु लॉर्ड केल्व्हिन यांनी आयुष्यभर जे केले त्याला आम्ही आमच्या भाषेत जमाखर्चच म्हणू. शक्ती किती जमा झाली, कोठे खर्च पडली आणि उपयोगाची अशी किती शिल्लक उरली, याची खतावणी मांडण्यात त्यांची हयात गेली. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव तापमानाच्या मापापुरते येते. इंधन न जाळता घर कसे गरम करावे, याचा हिशेब त्यांनी १८५२ सालीच मांडून ठेवला होता, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असते.

त्यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. सहा वर्षांचे असताना आई वारली. वडील गणिताचे अध्यापक. मुलांना ते घरीच शिकवीत. १८३२ साली वडिलांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गणिताची जागा मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले. विल्यमचे नाव विद्यापीठात दाखल झाले तेव्हा त्याचे वय होते दहा वर्षे! त्या काळी तेथे लहान मुलांना घेत असत हे खरे. पण वर्गात पुढे राहणे ही गोष्ट वेगळी. पुढे केंब्रिजला शिकून १८४५ साली गणिताच्या परीक्षेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. सर्वांनी पहिला धरला होता.

त्यानंतर काही महिने ते पॅरिसला गेले. तेथे रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत वाफेवरील काम चालले होते. या मुक्कामात त्यांनी एका पुस्तकासाठी शहरातील ग्रंथविक्रेत्यांची दुकाने पालथी घातली. पुस्तक होते सादी कार्नो या फ्रेंच इंजिनियरचे, उष्णतेपासून मिळणाऱ्या कामाविषयीचे. ते प्रसिद्ध झाले १८२४ मध्ये, म्हणजे थॉमसन यांच्या जन्मवर्षीच. कार्नो १८३२ साली पटकीने वारले आणि पुस्तक विस्मृतीत गेले. थॉमसन यांना पॅरिसमध्ये ते मिळाले नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या गोषवाऱ्यावर भागवावे लागले. पण त्यातील विचार डोक्यात पक्का बसला. पाणी जसे उंचावरून खाली पडताना चक्की फिरवते, तशी उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाताना यंत्र फिरवते, असा तो विचार होता.

१८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगोला प्राध्यापक झाले आणि पुढे ५३ वर्षे त्याच खुर्चीवर राहिले. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका सभेत त्यांची गाठ जेम्स जूल यांच्याशी पडली. जूल हे मद्याच्या भट्टीचे मालक, म्हणजे आमच्यापैकीच एक म्हणायचे! कष्टाचे काम आणि उष्णता ही एकमेकांत ठराविक दराने बदलतात, असे ते प्रयोगांनी सांगत होते, पण फार कोणी लक्ष देत नव्हते. थॉमसन यांनी लक्ष दिले. कार्नो आणि जूल या दोघांचे म्हणणे एकाच वहीत कसे बसवावे, यावर त्यांनी तीन-चार वर्षे घालविली. याच काळात, १८४८ साली, निरपेक्ष तापमानाची कल्पना पुढे आली. आपण ज्याला शून्य अंश म्हणतो ते खरे शून्य नव्हे. खरे शून्य त्याच्याही खाली सुमारे २७३ अंशांवर आहे. म्हणजे बर्फासारख्या गार हवेतही उष्णतेचा मोठा साठा शिल्लक असतो. हिशेबाच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट होती.

१८५२ साली त्यांचे लग्न झाले. याच साली त्यांनी हवेच्या प्रवाहाने इमारती गरम किंवा थंड करण्याचा खर्च किती येईल, यावर निबंध वाचला. त्याआधी दोन वर्षे पियाझी स्मिथ या ज्योतिषशास्त्रज्ञाने उष्ण देशांतील घरे गार करण्याची एक युक्ती सुचविली होती. थॉमसन यांनी दाखविले की तेच यंत्र उलटे चालविले तर थंड देशातील घर गरम होईल. बाहेरची हवा सिलिंडरमध्ये घेऊन विरळ होऊ द्यावी, म्हणजे ती बाहेरच्यापेक्षाही गार होते. मग पातळ पत्र्याच्या नळ्यांतून तिला भोवतालच्या हवेची ऊब घेऊ द्यावी. नंतर दाबून पूर्वीच्या दाबावर आणावी, म्हणजे ती तापते. अशी हवा घरात सोडावी.

आपल्याकडच्या वाचकाला हे मोटेच्या उदाहरणाने चटकन समजेल. मोट पाणी निर्माण करीत नाही. विहिरीत असलेले पाणी वर आणते. बैलांचे श्रम लागतात ते पाणी तयार करण्यासाठी नव्हे, उचलण्यासाठी. तसेच हे यंत्र बाहेरच्या गार हवेतील उष्णता उचलून घरात ओतते. विहीर जितकी खोल तितके बैलांना कष्ट जास्त. तसाच बाहेरच्या आणि आतल्या तापमानात जितका फरक जास्त तितका यंत्राला खर्च जास्त. १० अंशांची हवा २७ अंशांपर्यंत तापवायची असेल तर, यंत्र निर्दोष धरल्यास, मिळणाऱ्या उष्णतेच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याइतकेच काम करावे लागते. प्रत्यक्षातील यंत्रे याच्या जवळपासही जात नाहीत. तरीसुद्धा एक भाग विजेत तीन भाग उष्णता मिळणे आज नेहमीचे झाले आहे. यालाच हीट पंप म्हणतात.

मग हे यंत्र त्यांनी बाजारात का आणले नाही? हा मनुष्य काही व्यवहारशून्य नव्हता, हे पुढे येईलच. माझ्या मते उत्तर जमाखर्चातच आहे. ग्लासगोच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या आणि कोळसा स्वस्त होता. विजेची मोटार घरात यायला अजून अवकाश होता. म्हणजे हे यंत्र चालविण्यासाठी घरात वाफेचे इंजिन ठेवावे लागले असते. शेगडीत चार खडे कोळसा टाकून भागत असताना कोण ठेवील? विचार बरोबर होता, भाव बरोबर नव्हता.

तो भाव बदलायला फार वर्षे लागली. १९२०च्या दशकात हॉल्डेन या इंजिनियरने स्कॉटलंडमधील आपल्या घरीच असे यंत्र चालवून पाहिले. झुरिच शहराच्या जुन्या नगरभवनात १९३८ सालापासून लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारे यंत्र चालू झाले. स्वित्झर्लंडला कोळसा बाहेरून आणावा लागे हे त्याचे कारण. नंतर स्वस्त तेलाचा काळ आला. युरोप-अमेरिकेत घरोघरी तळघरात तेलाच्या टाक्या बसल्या. १९७३च्या अखेरीस तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले, तेव्हा लोकांना थॉमसन यांच्या निबंधातील गोष्ट पुन्हा आठवली. आज त्या देशांत घराची दुरुस्ती काढली की तेलाची भट्टी ठेवायची की हीट पंप बसवायचा, हा प्रश्न कुटुंबात निघतोच.

आपल्याकडे घरे तापवावी लागत नाहीत. पण आंघोळीचे पाणी लागते. माझी आत्या मध्य प्रदेशात बालाघाटला असते. वैनगंगेकाठचा तो जिल्हा, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारा. थंडी आपल्यापेक्षा कडक. आत्याचे जुने कवेलूचे घर आतेभावाने नुकतेच दुरुस्तीला काढले. घरातच नोकरदार मुलांची खानावळ व राहण्याची सोय आहे, वीस माणसे. त्यांच्या पाण्यासाठी मागे डिझेलवरचा बॉयलर होता; धूर सगळा शेजाऱ्यांच्या वाळवणावर. आतेभावाने मला आकडे करायला सांगितले. (आमच्या भागात न्हाणीघराला मराठी घरांतूनही बच्चल म्हणतात, हा शब्द बालाघाटला कोणालाच कळला नाही, ही जाता जाता गंमत.)

वीस माणसांना ५०० लिटर पाणी धरले. ते २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे २० युनिट उष्णता लागते. एक लिटर डिझेल जाळून, चिमणीतून जाणारी वजा करता, आठ युनिट पाण्यात उतरतात असे धरले तर रोज अडीच लिटर डिझेल. ९० रुपये भावाने २२५ रुपये. साधे गिझर लावले तर २० युनिट वीज. आठ रुपये दराने १६० रुपये. हीट पंपाला सात युनिट पुरतात, ५६ रुपये. वर्षातून २०० दिवस गरम पाणी लागते असे मानले तर डिझेलपेक्षा सुमारे ३४ हजारांची बचत. यंत्र, टाकी व जोडणी मिळून दोन लाख धरले तर सहा वर्षांत पैसे वसूल. सौर बंबाचा विचार झाला. परंतु शेजारच्या उंच इमारतीची सावली दुपारनंतर गच्चीवर येते.

दुकानदार तर म्हणत होता की सर्वांनीच हे घ्यावे. तसे नाही. आत्याच्या स्वतःच्या दोन माणसांना ५० लिटर पाणी पुरते. त्यांच्यापुरते पाहिले तर गिझरपेक्षा दिवसाला दहा रुपये वाचतात. तेवढ्यासाठी कोणी कर्ज काढू नये. खानावळ होती म्हणून निर्णय झाला. येथे केल्व्हिन यांचा नियम आणखी एका ठिकाणी उपयोगी पडला. बाहेरची हवा जितकी उबदार तितका यंत्राचा खर्च कमी, म्हणून ते पहाटे चालविण्याऐवजी दुपारी चालवावे आणि पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठवावे. पहाटेची ८ अंशांची हवा आणि दुपारची २५ अंशांची हवा यांत विहिरीच्या खोलीचा फरक आहे. त्या यंत्रातील वेटोळी नळी तांब्याची असते. तांब्याची मोठी खाण बालाघाट जिल्ह्यातच, मलाजखंडला आहे. आत्याला ही गोष्ट सर्वांत पटली.

आता पुन्हा थॉमसन यांच्याकडे वळू. त्यांना पैसा आणि लौकिक मिळाला तो समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेने. आयर्लंड ते अमेरिका ही तार १८५८ साली जोडली गेली. मुख्य विद्युत्तज्ज्ञाने तिच्यात फार जोराचा विद्युत्दाब सोडला आणि काही आठवड्यांत ती मुकी झाली. थॉमसन यांचे म्हणणे उलट होते : दाब हलका ठेवावा आणि संदेश टिपणारे उपकरण नाजूक करावे. बारीक आरशावरून उडणाऱ्या प्रकाशाच्या कवडशाने संदेश वाचण्याचे उपकरण त्यांनी बनविले होते. १८६५ची तार अर्ध्यावर तुटली. १८६६ साली काम फत्ते झाले आणि त्यांना सर ही पदवी मिळाली. १८७० मध्ये मुंबईही समुद्री तारेने एडन व सुएझशी जोडली गेली. त्यांनी कितीतरी उपकरणांची पेटंटे घेतली, भागीदारी केली, जहाजांसाठी सुधारलेला होकायंत्र काढला. या उत्पन्नातून त्यांनी स्वतःची शिडाची नौका घेतली आणि समुद्रकाठी लार्ग्ज येथे घर बांधले. म्हणूनच वर म्हटले की ते व्यवहारी होते.

घरचे आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. पत्नी मार्गारेट लग्नानंतर लवकरच आजारी पडल्या आणि १८७० साली वारल्या. १८६०च्या हिवाळ्यात बर्फावरचा खेळ खेळताना त्यांचा स्वतःचा पाय मोडला; ते कायमचे लंगडत चालू लागले. १८७४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला.

१८८१ साली त्यांनी विद्यापीठातील आपल्या राहत्या घरातील गॅसचे दिवे काढून विजेचे दिवे बसविले. ब्रिटनमध्ये संपूर्ण विजेने उजळलेल्या पहिल्या काही घरांत हे घर मोजले जाते. त्याच वर्षी यॉर्क येथील भाषणात त्यांनी माणसाला उपलब्ध असलेल्या शक्तींचा आढावा घेतला. कोळसा कधीतरी संपत जाईल आणि वाऱ्याला पुन्हा कामाला लावावे लागेल, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

त्यांचे सगळेच हिशेब बरोबर आले असे नाही. पृथ्वी निवत आलेला गोळा आहे असे धरून त्यांनी तिचे वय काही कोटी वर्षे काढले आणि भूगर्भशास्त्रज्ञांशी अनेक वर्षे वाद घातला. आज ते वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे मानतात. आकडेमोडीत चूक नव्हती. पृथ्वीच्या पोटातील काही गोष्टी त्यांच्या जमेच्या बाजूला आल्याच नव्हत्या. तरी अखेरपर्यंत ते आपला आकडा सोडायला तयार नव्हते. थोर माणसाचा हट्टही थोर असतो!

१८९२ साली त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नावाच्या लहानशा नदीवरून त्यांनी आपले नवे नाव घेतले. १८९९ मध्ये ते निवृत्त झाले आणि लगेच त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून नाव नोंदविले. तेव्हा त्यांचे वय ७५ होते. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्जच्या घरी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, न्यूटन यांच्या शेजारी त्यांना पुरले.