जेम्स विल्सन : न्यायासन आणि ऋण

अमेरिकेच्या घटनाकारांपैकी वॉशिंग्टन, फ्रँकलिन, मॅडिसन ही नावे आपल्या परिचयाची असतात. जेम्स विल्सन यांचे नाव मात्र सहसा मागे राहते. वस्तुतः स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना या दोहोंवर स्वाक्षरी करणाऱ्या अवघ्या सहा जणांपैकी ते एक होत.

१७४२ मध्ये स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १७६५ मध्ये ते फिलाडेल्फियाला आले, जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली कायदा शिकले आणि अल्पावधीतच नामांकित वकील झाले. राजनिष्ठेचा आरोप असलेल्यांची वकिली केल्यामुळे ते लोकांच्या रोषास पात्र ठरले. १७७९ मध्ये महागाईने संतापलेल्या सशस्त्र जमावाने त्यांच्या घरावर हल्ला केला. त्यात दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली. विशेष हे, की १७८७ च्या घटना परिषदेत राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असा आग्रह याच विल्सन यांनी धरला. तो मान्य झाला नाही. गुलामांची गणना तीन-पंचमांश धरण्याचा प्रस्तावही त्यांनीच मांडला होता, हे चरित्रकाराला दडवता येत नाही.

१७८९ मध्ये सरन्यायाधीशपदाची त्यांची इच्छा अपुरी राहिली, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांत त्यांची नियुक्ती झाली. १७९३ च्या चिझम विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात युद्धकाळात पुरविलेल्या मालाचे पैसे थकविणाऱ्या राज्यावर नागरिकाला दावा लावता येतो, असा निर्णय बहुमताने झाला. व्यक्तीप्रमाणे राज्यानेही आपल्या कराराला जबाबदार असावे, ही विल्सन यांची भूमिका होती. राज्ये खवळली आणि अकराव्या घटनादुरुस्तीने तो निर्णय निष्प्रभ केला.

दुसऱ्याच्या थकबाकीचा न्याय करणारा हा मनुष्य स्वतः मात्र कर्जात बुडत होता. उसन्या पैशावर त्यांनी सीमेवरील अफाट जमिनी विकत घेतल्या होत्या. भाव कोसळताच सावकार मागे लागले. १७९७ मध्ये न्यू जर्सीत आणि पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनात त्यांना तुरुंगवास घडला. दुसऱ्या वेळी दावा लावणारे पिअर्स बटलर हे घटना परिषदेतील त्यांचे सहकारीच होते. या सर्व काळात विल्सन न्यायाधीशपदावर कायम होते! पद सोडून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. यात अभिमान किती आणि वेतनाची निकड किती, हे ठरविणे कठीण आहे.

२१ ऑगस्ट १७९८ रोजी ईडेंटन या गावी, तरुण पत्नी हॅना यांच्या सोबतीत, त्यांचे निधन झाले. वय ५५ वर्षे. १९०६ मध्ये त्यांचे अवशेष फिलाडेल्फियातील ख्राइस्ट चर्च येथे नेण्यात आले.