विश्लेषण : वतनांच्या काळात राज्य चालवलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांबद्दल सावध का केले?

पन्हाळ्यावर जाणारे पर्यटक तीन दरवाजा, अंबरखाना पाहतात, झुणका-भाकर खातात आणि परततात. गडावरच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या समाधीकडे वळणारे थोडेच. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींचा काळ पाहिलेला हा माणूस. त्यांच्या नावाशी जोडलेले ‘आज्ञापत्र’ आंब्या-फणसाच्या झाडांपुरतेच अधूनमधून आठवले जाते. त्यात त्या काळच्या अर्थव्यवस्थेचे रोखठोक निदान आहे, हे मागे पडते.

घरातच जमाखर्च

रामचंद्र नीळकंठ यांचा जन्म 1650 च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते, म्हणजे राज्याचा जमाखर्च तपासणारे. 1674 च्या राज्याभिषेकात या पदाला अमात्य हे संस्कृत नाव मिळाले. ते याच घराण्याकडे राहिले आणि रामचंद्रपंत अमात्य झाले.

वतन म्हणजे नेमके काय?

गावाचा पाटील आणि कुलकर्णी, परगण्याचा देशमुख आणि देशपांडे हे वंशपरंपरागत अधिकारी होते. वसुलाच्या कामाबद्दल त्यांना उत्पन्नात हक्काचा वाटा, इनाम जमीन आणि मानपान मिळे. वतन बापाकडून मुलाकडे जाई. राजा बदलला तरी देशमुख बदलत नसे. त्यामुळे त्याची निष्ठा सिंहासनापेक्षा आपल्या वतनावर अधिक, ही राज्यकर्त्यांची जुनी डोकेदुखी होती. शिवाजी महाराजांनी देशमुखांच्या तटबंदीच्या वाड्यांना आळा घातला. नवी वतने देण्याऐवजी नोकरांना शक्यतो सरकारातून पगार देण्यावर त्यांचा भर होता.

1689 मध्ये काय बदलले?

सगळेच. त्या वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, पुढे रायगड पडला आणि राजाराम महाराज तमिळ प्रदेशातील जिंजीकडे गेले. मागे राहिलेल्या महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांवर आला. ‘हुकूमतपनाह’ या किताबासह राजाच्या गैरहजेरीत निर्णय घेण्याचे अधिकार त्यांना मिळाले. विशाळगड हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासह त्यांनी औरंगजेबाच्या फौजेशी झुंज चालू ठेवली.

पण खजिना रिकामा होता. औरंगजेब मराठे सरदार-देशमुखांना मनसबी आणि वतने देऊन फोडत होता. मग मराठा दरबारालाही तीच बोली लावावी लागली. 1691 मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या आश्वासनात कोणता मुलूख जिंकल्यावर किती सरंजाम मिळेल, याचे टप्पे ठरवले होते. त्यात शेवटचा टप्पा दिल्लीचा! हातात नसलेल्या मुलखावरची ही वरात होती. आजच्या भाषेत पुढच्या तारखेचा धनादेश. तरीही तो चालला. लोक लढले, राज्य तगले. या काळातल्या वतन-सरंजामांच्या सनदा, तंटे आणि फेरतपासण्या यांचे ओझे महाराष्ट्रातल्या कारभारावर, म्हणजे पंतांवर होते.

कोल्हापूरची गादी आणि आज्ञापत्र

1700 मध्ये राजाराम महाराज गेले. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतींच्या घरात दोन गाद्या झाल्या. पंत ताराबाईंच्या बाजूला, म्हणजे पन्हाळा-कोल्हापूरकडे राहिले. 1714 मध्ये तिथेही सत्तांतर झाले. ताराबाई कैदेत गेल्या, राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर बसले. नव्या छत्रपतींच्या नावाने निघालेल्या आज्ञापत्राचा काळ 1715-16 च्या आसपासचा मानतात आणि त्याचे कर्तृत्व रामचंद्रपंतांकडे दिले जाते.

आज्ञापत्रातील वतनदारांवरचा भाग वाचताना लिहिणाऱ्याचे हात पोळलेले आहेत, हे जाणवते. देशमुख, पाटील हे नुसते नोकर नव्हेत, ते राज्याचे छोटे भागीदारच आहेत, असे तो मांडतो. आहे त्यावर त्यांचे समाधान होत नाही, ते शेजाऱ्याचे बळकावतात, आणि परचक्र आले की आधी शत्रूशी संधान बांधतात. म्हणून त्यांचे हक्क तोडू नयेत, पण रयतेवर त्यांची सत्ताही चालू देऊ नये. सेवा केली म्हणून नोकराला वतन देऊ नये, बक्षीस दुसऱ्या मार्गाने द्यावे. कारण इनाम दिलेली जमीन राज्याच्या उत्पन्नातून कायमची जाते. हिशेबनिसाचेच हे बोलणे.

सावकारांबद्दलचा सूर मात्र मऊ आहे. तेव्हा सावकार म्हणजे मोठा व्यापारी. त्याला बोलावून पेठेत वसवावे, कारण अडचणीत कर्ज त्याच्याकडूनच मिळते. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, नाही तर व्यापाऱ्याला उपद्रव होऊन बंदरच ओस पडेल, असा इशाराही आहे. इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच या टोपीकरांना मात्र वेगळ्या मापाने मोजले आहे. यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. व्यापार करू द्यावा, पण खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये. आंबा-फणसाचा प्रसिद्ध मुद्दाही मुळात आरमाराच्या लाकडाचा आहे. रयतेने वर्षानुवर्षे वाढवलेले झाड जबरदस्तीने तोडू नये. फारच जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे.

आणि बावडा?

पंतांच्या स्वतःच्या घराण्याकडे गगनबावड्याची जहागीर होती. 1716 मध्ये पन्हाळ्यावर पंतांचे निधन झाले. त्यांचे वंशज पंत अमात्य बावडेकर म्हणून कोल्हापूर संस्थानचे जहागीरदार राहिले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हाही बावड्याची जहागीर त्यांच्याकडेच होती.