आडोल्फ बुटेनांट

आडोल्फ फ्रीडरिश योहान बुटेनांट (जन्म : २४ मार्च १९०३; मृत्यू : १८ जानेवारी १९९५) हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. प्रजननक्रियेचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांपैकी इस्ट्रोन, अँड्रोस्टेरॉन व प्रोजेस्टेरॉन ही त्यांनी शुद्ध स्फटिकरूपात मिळवली. या कार्यासाठी १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व झुरिच येथील लेओपोल्ट रुझिच्का यांना विभागून जाहीर झाले.

जीवन व शिक्षण

बुटेनांट यांचा जन्म आजच्या ब्रेमरहाफेन शहरात समाविष्ट असलेल्या लेहे येथे झाला. मारबुर्ग व ग्यॉटिंगेन विद्यापीठांत त्यांनी शिक्षण घेतले. स्टेरॉल या संयुगगटाचे तज्ज्ञ आडोल्फ विंडाउस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९३१ मध्ये त्यांचा विवाह एरिका फॉन त्सीग्नर यांच्याशी झाला. इस्ट्रोनच्या संशोधनात त्या बुटेनांट यांच्या सहायक होत्या.

लैंगिक संप्रेरकांचे संशोधन

अंडाशय आणि वृषण यांतून शरीरावर दूरगामी परिणाम करणारी द्रव्ये स्रवतात, हे १९२० च्या दशकात माहीत होते. परंतु त्यांची रासायनिक घडण अज्ञात होती. ही द्रव्ये ऊतींमध्ये अत्यल्प प्रमाणात असल्याने ती वेगळी करणे कठीण होते. गर्भवती स्त्रियांच्या मूत्रात स्त्री-संप्रेरक मोठ्या प्रमाणात उत्सर्जित होते, असे सेल्मार आशहाइम व बर्नहार्ड त्सोंडेक यांनी १९२७ मध्ये दाखवून दिल्यावर हा मार्ग सुकर झाला.

शेरिंग या औषधनिर्मिती कंपनीने पुरवलेल्या अर्कापासून बुटेनांट यांनी १९२९ मध्ये इस्ट्रोन मिळवले. शुद्धीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर अर्काचा परिणाम अंडाशय काढलेल्या उंदरांवर तपासला जाई. त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड डॉयसी यांनीही स्वतंत्रपणे हेच संप्रेरक वेगळे केले.

१९३१ मध्ये बुटेनांट यांनी पुरुषांच्या सुमारे १५,००० लिटर मूत्रापासून केवळ १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. या वेळी खच्ची केलेल्या कोंबड्याच्या तुऱ्याची वाढ ही परिणामाची कसोटी होती. १९३४ मध्ये सुमारे ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतील पीतपिंडांपासून त्यांनी जवळपास २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन वेगळे केले. गर्भाशयाचे अस्तर गर्भधारणेस अनुकूल करणारे हे संप्रेरक त्याच वर्षी इतर काही गटांनीही स्वतंत्रपणे मिळवले.

या संयुगांची रचना उलगडल्यावर स्त्री व पुरुष यांची संप्रेरके एकाच स्टेरॉइड सांगाड्यावर बेतलेली असून त्यांच्यातील रासायनिक फरक अगदी थोडा आहे, हे स्पष्ट झाले. त्यामुळे सहज उपलब्ध स्टेरॉलपासून ती प्रयोगशाळेत बनवण्याची वाट खुली झाली. १९३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथील एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी स्वतंत्रपणे कोलेस्टेरॉलपासून ते तयार केले. पुढे संप्रेरक-उपचार आणि संततिनियमनाच्या गोळ्या यांचा विकास याच रसायनशास्त्राच्या पायावर झाला.

नाझी राजवट व नोबेल पारितोषिक

१९३३ मध्ये बुटेनांट डान्झिग येथे प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये त्यांनी नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले व बर्लिन येथील कैसर विल्हेल्म जीवरसायनशास्त्र संस्थेचे संचालकपद स्वीकारले. या संस्थेचे पूर्वीचे संचालक कार्ल नॉयबर्ग यांना ज्यू असल्यामुळे पद सोडावे लागले होते.

नाझीविरोधी पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर जर्मन सरकारने आपल्या नागरिकांना ही पारितोषिके स्वीकारण्यास बंदी केली होती. त्यामुळे बुटेनांट यांना पारितोषिक नाकारावे लागले. १९४९ मध्ये त्यांना पदक व मानपत्र मिळाले. रक्कम मात्र मिळाली नाही.

ऑश्विट्झ छळछावणीतून योझेफ मेंगेले याने पाठवलेले नमुने वापरणारे आनुवंशिकशास्त्रज्ञ ओटमार फॉन फेरशुअर यांची बाजू घेणाऱ्या निवेदनावर १९४९ मध्ये बुटेनांट यांनी इतरांसह सही केली. त्यांच्या या भूमिकेवर पुढे इतिहासकारांनी कठोर टीका केली.

उत्तरायुष्य

युद्धानंतर बुटेनांट यांनी ट्यूबिंगेन व म्युनिक येथे काम केले. पेटर कार्लसन यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये कीटकांचे कात टाकण्याचे संप्रेरक एक्डायसोन स्फटिकरूपात मिळवले. १९५९ मध्ये त्यांच्या गटाने सुमारे पाच लाख रेशीम-पतंगांपासून मादीचे गंधद्रव्य बॉम्बिकॉल वेगळे केले. रासायनिक घडण समजलेले हे पहिले फेरोमोन होय. १९६० ते १९७२ या काळात ते माक्स प्लांक संस्थेचे अध्यक्ष होते. म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर, १९९७ मध्ये, माक्स प्लांक संस्थेने नाझी काळातील आपल्या पूर्वसंस्थेचा इतिहास तपासण्यासाठी आयोग नेमला. २००१ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी त्या काळातील प्रयोगांना बळी पडलेल्यांपैकी हयात व्यक्तींची जाहीर माफी मागितली.