कांदाही श्वास घेतो! वनस्पतींच्या श्वसनातला दुवा दाखवणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

नाशिक : निफाड असो वा लासलगाव, कांदाचाळ बांधताना हवा खेळती राहील याची काळजी शेतकरी घेतोच. कारण काढणीनंतरही कांदा जिवंत असतो. त्याच्या पेशी ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. हवा कोंडली की ऊब आणि ओल आतच राहते व कांदा सडू लागतो.

वनस्पतींच्या या श्वसनातला एक महत्त्वाचा दुवा दाखवून दिला तो डॉ. कमला सोहोनी या मराठी संशोधिकेने. मात्र त्याआधी प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यासाठीच त्यांना झगडावे लागले.

प्रवेश का नाकारला?

कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ, तर साहित्यिक दुर्गा भागवत या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. गुण उत्तम होते, तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमला थेट बंगळुरूला गेल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम पाहून मग मान्यता देण्याच्या अटीवर. ही अपमानास्पद अट त्यांनी स्वीकारली. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एमएस्सी पूर्ण केली. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

बटाट्यात काय सापडले?

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' असल्याचे त्यांनी दाखवले.

हे नेमके काय? सायटोक्रोम सी हे लोह असलेले छोटे प्रथिन. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ते पुढे पोहोचवते. साखळीच्या शेवटी ऑक्सिजन ते स्वीकारतो आणि पाणी तयार होते. या प्रवासात मिळणाऱ्या ऊर्जेवर पेशी जगते. हा दुवा तुटला, तर भोवती भरपूर ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही.

झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन देतात, हे आपण शाळेत शिकतो. पण ते उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणाचे काम. श्वसन मात्र रात्रंदिवस चालते आणि त्यासाठी झाडालाही आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो. माणसाच्या पेशीतही हेच प्रथिन हेच काम करते.

पुढे काय झाले?

१९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. परदेशात न थांबता त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले. नीरेच्या पोषणमूल्यांवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अन्नभेसळीविरुद्ध ग्राहक चळवळीतही त्या सक्रिय होत्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंगळुरूत तेव्हा त्या माघारी फिरल्या असत्या, तर नुकसान एकट्या कमलाबाईंचे झाले नसते. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींनाही ते दार बंदच दिसले असते.